लगाम काढल्यावर घोडा कोणाचं ऐकतो?

दिवाळी झाली की आमच्याकडे किनाऱ्यावर सीझन सुरू होतो, आणि मग रपेट मारून उतरलेला कोणीतरी टुरिस्ट मोबाईल पुढे करून मला तो व्हिडिओ दाखवतोच. अमेरिकेतली एक बाई घोडीवर बसलीय, खोगीर नाही, रिकीब नाही, घोडीच्या तोंडावर काही म्हणजे काहीच नाही, आणि ती घोडी भरधाव येते, बाईने नुसतं अंग सोडून खाली बसल्यासारखं केलं की मागचे पाय पोटाखाली घेऊन मातीवर घसरत थांबते, मग एका जागी गरागरा गिरक्या घेते, मग परत मोठ्या गोलात पळते. ती बाई म्हणजे स्टेसी वेस्टफॉल आणि गोष्ट २००६ सालची. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, हे खरंय की एडिटिंग?"

खरंय. पण ते कसं होतं हे सांगायला रपेटीची दहा मिनिटं पुरत नाहीत, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय. ज्यांनी घोड्याला कधी हातही लावलेला नाही त्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. आवरत नाही अशा माणसाला आपण बेलगाम म्हणतो, जिभेला लगाम घाल म्हणतो, खर्चाला वेसण घाल म्हणतो. म्हणजे लगाम आहे तोवर ताबा आणि लगाम गेला की ताबा गेला, हे आपण लहानपणापासून धरूनच चाललेलो असतो. आमच्या घरी आजोबांपासून टांगा आणि घोडे, तरी मलाही तसंच वाटायचं, सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटी लागली की वाळू उघडी पडते, लोक चालत नाहीतर घोडागाडीतून किल्ल्यात जातात आणि भरती चढायच्या आत परत येतात. एकदा मी एकटाच घोडीवर बसून किल्ल्याकडून येत होतो, पाणी वाढायला लागलेलं म्हणून तिला पळवत आणली, आणि किनाऱ्याजवळ थांबवायला लगाम ओढला तर डाव्या बाजूची वादी कडीपाशी तुटून हातात आली. खाऱ्या हवेत चामडं आतून सडतं, वरून तेल लावून चकचकीत दिसतं आणि एक दिवस कागदासारखं फाटतं. उरलेली उजवी वादी त्या वेगात ओढली असती तर घोडी एकदम वळून पडलीच असती, मीही पडलो असतो. मी एवढा घाबरलो की छातीतला श्वास एकदम सुटला, अंग ढिलं पडलं आणि तोंडातून आजोबांच्यासारखं लांब "होऽऽ" निघालं. घोडी चार-पाच पावलांत उभी. घरी येऊन सांगितलं तर आजोबांनी आधी ती वादी हातात घेऊन बघितली, मग म्हणाले की अरे टांग्याला जुंपलेली असताना ती दिवसातून शंभर वेळा होऽऽ ऐकते आणि त्याच्या मागोमाग लगाम ओढला जातो, आता होऽऽ ऐकलं की पुढे काय येणार ते तिला आधीच माहीत असतं, ती लगामाची वाट बघत नाही.

अमेरिकेत गुरांची मोठमोठी कुरणं असतात, त्यांना रँच म्हणतात, तिथले घोडे लगामाशिवाय चालतात त्याच्या मुळाशी हेच आहे. त्यांनी ते फार पद्धतशीर, फार बारकाईने आणि फार लांबपर्यंत नेलंय एवढंच.

आता लगाम करतो काय ते बघू. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, दात नाहीत, नुसती हिरडी. लगामाचं लोखंड, ज्याला बिट म्हणतात, ते तिथे जिभेवर आणि हिरडीवर टेकतं. हिरडी पातळ आणि तिच्या खाली लगेच हाड. आपली नडगी कशी, वरून जरा काही आपटलं की कळ डोक्यात जाते, तशी ती जागा समजा. त्यामुळे लगाम ओढला की घोड्याला कळतं, यात वाद नाही. पण कळणं वेगळं आणि थांबणं वेगळं. आमची घोडी तीनशे किलोच्या आसपास, अमेरिकेतला रँचवरचा क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा पाचशेच्या आसपास, आणि वर बसलेला माणूस साठ-सत्तर किलोचा, तोही अधांतरी. ताकदीने त्याला धरून ठेवायचा प्रश्नच येत नाही. त्यात घोडा हे दुसऱ्याची शिकार होणारं जनावर आहे, हजारो पिढ्या ते पळून जगलंय, दुखलं की पळायचं हीच त्याची पहिली बुद्धी. म्हणून बिथरलेल्या घोड्याचा लगाम दोन्ही हातांनी खेचून धरणारा माणूस घोड्याला पळायचं आणखी एक कारण देत असतो. घोडा मान वर करतो, लोखंड भलत्याच जागी जातं, आणि दोघंही सुरूच्या बनाकडे.

रेल्वेचा लाल सिग्नल गाडी थांबवत नाही, तो बघून मोटरमन थांबवतो. लगाम तो सिग्नल आहे. मोटरमन घोडा आहे. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की सिग्नलच असेल तर तो लोखंडाचाच कशाला हवा?

आणि हा सिग्नल घोडा शिकतो कसा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बहुतेक लोकांना वाटतं ओढलं की शिकतो. ओढल्यावर घोड्याला फक्त एवढं कळतं की काहीतरी त्रास सुरू झाला. तो त्रास बंद कशाने होतो हे तो शोधत असतो, आणि ज्या क्षणी त्रास बंद झाला त्या क्षणी तो जे करत होता ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं. गाडीत सीटबेल्ट नाही लावला की टूं टूं वाजत राहतं, लावला की बंद, आपण बेल्ट लावायला शिकतो ते त्या बंद होण्यामुळे. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात, नाव ऐकून शिक्षा वाटते पण शिक्षा नव्हे, नकोशी गोष्ट काढून घेणं हेच बक्षीस. घोडेवाले प्रेशर आणि रिलीज म्हणतात. मी घरी मुलाला शिकवताना म्हणतो, ओढ नको मोजू, सोड मोज.

कारण सोडण्याचं टायमिंग चुकलं की सगळं उलटं शिकवून होतं. समजा घोड्याला थांबवायला लगाम ओढला, घोडा थांबला, पण तुम्ही अजून धरूनच बसलायत. घोडा म्हणतो थांबून तर उपयोग झाला नाही, मग तो मान खाली झटकतो, तुमच्या हातातून वादी सुटते, दुखणं बंद. झालं, आज घोडा शिकला की मान झटकली की सुटका होते. किनाऱ्यावरचे कितीतरी घोडे मान झटकतात आणि लोक म्हणतात खोडकर आहे, स्वभावच तसा. स्वभाव नाही हो, कोणीतरी अजाणता शिकवलंय, आणि रोज नवा टुरिस्ट वर बसून तोच धडा पक्का करतोय. चांगला शिकवणारा एका सेकंदाच्या आत सोडतो, घोड्याने थांबायचा विचार केला, वजन मागे घेतलं, तेवढ्यावर सोडतो, पूर्ण थांबायचीही वाट बघत नाही.

आता याच्यावरची पुढची पायरी. घोड्याला मोठा सिग्नल कळला, आता तो छोटा कसा करायचा? तर छोटा सिग्नल नेहमी आधी द्यायचा. आधी श्वास सोडून अंग खाली, एक-दोन सेकंद थांबायचं, काही झालं नाही तर होऽऽ, तरी नाही तर मग लगाम, आणि थांबला की सगळं एकदम सैल. दर वेळी याच क्रमाने. आजोबांचं होऽऽ आणि लगाम हाच क्रम होता. घोड्याला पुढचं ओळखायला फार आवडतं, किंवा असं म्हणा की न ओळखणं परवडत नाही, त्यामुळे शंभर-दोनशे वेळा झालं की तो तिसऱ्या पायरीपर्यंत येतच नाही, पहिल्यावरच उत्तर देतो. पण इथे एक गंमत आहे जी मला बरीच वर्षं कळत नव्हती. तुम्ही अंग सैल करणं आणि लगाम ओढणं एकाच वेळी केलंत तर घोडा अंगाचं शिकतच नाही. ढोलताशा वाजत असताना शेजारी कोणी बासरी वाजवली तर ऐकू येईल का? मोठा सिग्नल छोट्याला झाकून टाकतो. पंधरा वर्षं घोड्यावर बसणारी माणसं असतात आणि त्यांचा घोडा तरी लगामाशिवाय इंचभर वळत नाही, त्याचं कारण हे. ते सगळं एकदम करतात.

छोटा सिग्नल म्हणजे नक्की किती छोटा? इथे आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे, मांड. घोड्यावर मांड पक्की आहे म्हणतो ते फक्त न पडण्याबद्दल नाही. खुर्चीवर ताठ बसा, दोन्ही तळहात बुडाखाली ठेवा, बुडाची दोन हाडं लागतील. आता मान न वळवता फक्त डावीकडे लांब कुठेतरी बघायचा विचार करा, मग हळूच बघा. एका हाडावरचं वजन बदललेलं तळहाताला कळतं. तळहाताला कळलं ते घोड्याच्या पाठीला कळणार नाही का? घोड्याच्या अंगावर माशी बसली की फक्त तेवढ्याच जागचं कातडं थरथरतं, बघितलं असेल तुम्ही. ज्या कातडीला माशी कळते तिच्यावर तुम्ही साठ किलो घेऊन बसलाय. तुम्ही वळायचं ठरवता, नजर जाते, खांदा जातो, कंबर जाते, आतला पाय किंचित सैल होतो, बाहेरचा पाय किंचित लागतो, आणि घोड्याला हे सगळं लगाम हलायच्या आधीच वाचता येतं. शिकवणारा फक्त एवढंच करतो की या वाचण्याला किंमत देतो.

हे किती टोकाला जातं त्याचं एक जुनं उदाहरण आहे. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, मालक शाळामास्तर, फोन ऑस्टेन नावाचे. हा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता, बेरीज विचारली की उत्तराएवढे खूर आपटायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तपासलं तेव्हा कळलं की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर घोडा चुकतो. घोडा माणूस वाचत होता. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत केसभर वर व्हायचं आणि घोडा आपटायचं थांबवायचा. लोकांनी तेव्हा म्हटलं, म्हणजे घोड्याला गणित येत नाही तर. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे याहून मोठी गोष्ट तर ही आहे! मालकाला स्वतःला जे माहीत नव्हतं ते घोडा बघत होता.

आता रँचकडे. रँच म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडची मोठमोठी कुरणं, गुरं मोकळी सोडलेली, आणि त्या गुरांचं सगळं काम घोड्यावरून. कळपातून एक वासरू वेगळं काढायचं असतं, औषध द्यायला किंवा डाग द्यायला. वासरू वेगळं झालं की त्याला परत आईकडे, कळपात घुसायचं असतं, ते डावीकडे पळतं, उजवीकडे झेपावतं, आणि घोड्याने मध्ये आडवं राहायचं. वासराच्या वेगाने माणसाचा मेंदू, मग हात, मग लगाम, मग घोड्याचं तोंड, मग घोड्याचे पाय, एवढा प्रवास करायला वेळच नसतो. वासरू गेलेलं असतं. म्हणून तिथे घोड्याला सुटं सोडावंच लागतं. या कामाची पुढे स्पर्धा झाली, कटिंग म्हणतात, तिची राष्ट्रीय संघटना १९४६ पासून आहे. अडीच मिनिटं मिळतात. एकदा वासरू वेगळं काढलं की स्वाराने लगामाचा हात घोड्याच्या मानेवर खाली ठेवायचा, वादी ढिली, आणि लगामाने घोड्याला वळवलं असं दिसलं तर गुण कापतात. म्हणजे खेळाचा नियमच असा की घोडा स्वतःहून करतोय का ते दाखवा. क्वार्टर हॉर्स जातीत गाईकडे बघून तिचा पुढचा डाव ओळखायची उपजत हुशारी असते असं म्हणतात, काऊ सेन्स. आपल्याकडे धनगरांची कुत्री कशी, शिकवलेलं थोडं आणि रक्तातलं बरंच.

दुसरं काम दोर टाकायचं. वासराच्या गळ्यात फास पडला, दोराचं टोक खोगिराला बांधलेलं, स्वार उडी मारून खाली उतरतो आणि वासराचे पाय बांधायला धावतो. तेवढा वेळ घोडा एकटा. पाठीवर कोणी नाही, लगाम धरायला कोणी नाही, आणि घोडा दोर ताणलेला राहील असा बघून बघून मागे सरकतो. त्यामुळे लगामाशिवाय घोडा ही तिथे कुठून तरी आलेली कल्पना नाही, ती कामातूनच निघालीय. बहुतेक रँचवर रोजच्या कामात लगाम असतोच. पण घोडा पूर्ण तयार झालाय का हे बघायचं असेल तर काढून बघतात. बारावीला वर्षभर पुस्तक असतं आणि परीक्षेला नसतं तसं.

या सगळ्याच्या मागे व्हाकेरो लोकांची जुनी परंपरा आहे. व्हाका म्हणजे स्पॅनिशमध्ये गाय, व्हाकेरो म्हणजे गुराखी, स्पेनमधून मेक्सिकोत आणि तिथून कॅलिफोर्नियात गेलेली विद्या. तिच्यातला क्रम मला फार आवडतो. तरण्या घोड्याच्या तोंडात ते लोखंड घालतच नाहीत. नाकावर कच्च्या कातडीची विणलेली कडी, बोसाल, आणि तिला घोड्याच्याच केसांची वळलेली दोरी, मेकाते. अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान घोड्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात, तोंड आधीच ठणकत असतं, त्यात लोखंड कशाला, हे त्याचं एक कारण. नाकावर सगळं शिकला की मग लोखंड नुसतं तोंडात ठेवायला देतात, सिग्नल अजून नाकावरच, दोन्ही दोऱ्या एकदम हातात. कित्येक महिने असे. मग हळूहळू नाकाचं बारीक करत नेतात आणि शेवटी एकटा लगाम. यात वर्षं जातात. आणि गंमत अशी की शेवटी जे लोखंड घालतात ते दिसायला भयंकर असतं, मोठं, चमच्यासारखा पत्रा असलेलं, बघून अंगावर काटा येतो, पण त्याची वादी नेहमी झोका पडल्यासारखी ढिली असते. वादीचं वजन जरा हललं तेवढ्यावर घोडा वळतो. ओढायचं कामच उरलेलं नसतं. तिथून लगाम काढून ठेवणं म्हणजे फार तर अर्धं पाऊल.

आपल्याकडे घोड्यात नाही पण बैलात हे मी पाहिलंय. पावसात भाताची चिखलणी चालू असताना म्हातारा बैल बांधापाशी आला की शेतकरी तोंडाने आवाज करतो आणि बैल वळतो, कासरा खांद्यावर नुसता पडलेला असतो. वेसण आहे नाकात, पण तिला कोणी हात लावत नाही. जवान बैलाला तिथेच दोनदा हिसका द्यावा लागतो. फरक म्हाताऱ्याने खाल्लेल्या पावसाळ्यांचा.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, म्हणजे पायऱ्या कळतील. माझ्याकडे सध्या मोगरी नावाची घोडी आहे, सहा वर्षांची. भातकापणी झाली की वाडीमागचं खाचर मोकळं होतं, तिथे बांबू रोवून साठ फुटांचा गोल केलाय, रँचवरचे गोलही साधारण एवढेच असतात. पहिले दोन महिने मी तिच्यावर बसलोच नाही. जमिनीवर उभं राहून चाल, थांब, वळ, मागे सर. मी खांदा तिच्याकडे वळवला की ती निघते, पाठ केली की माझ्याकडे येते. मागचे पाय बाजूला टाकायला शिकवणं यात फार महत्त्वाचं, कारण घोड्याचं इंजिन मागे असतं, मागचा पाय पुढच्या पायाला ओलांडून बाजूला पडला की जोर निघून जातो. उद्या वर बसून ती बिथरली तर सरळ रेषेत ओढत बसण्यापेक्षा एका बाजूला मान हळू वाकवून मागचा भाग फिरवणं हाच ब्रेक.

मग वर बसून, लगाम आहेच, पण त्याच्या जोडीला गळ्यात एक सैल दोरी. आमच्याकडे होडीला लागते तशी मऊ जाड दोरी घेतली मी, हाताला काचत नाही. ही दोरी छातीच्या जवळ, गळ्याच्या बुंध्याशी राहिली पाहिजे, वर घशावर आली तर श्वासनळी दाबली जाते आणि घोडा घाबरतो, ही चूक सगळे करतात. दर वेळी आधी मांड, मग दोरी, मग लागलाच तर लगाम. मी एका वहीत लिहायचो, आज शंभर थांब्यांपैकी लगाम किती वेळा लागला. सुरुवातीला जवळजवळ दर वेळी. असं करत करत एक दिवस असा आला की सकाळभर लागलाच नाही. त्या दिवशी मी लगाम काढला नाही. वादीची गाठ मारून मानेवर टाकून दिली आणि पुढचे तीन आठवडे तसाच फिरलो, हात लागेल इतक्या जवळ, पण हातात नाही. हा काळ घोड्यापेक्षा माणसासाठी असतो. हात आपोआप वादीकडे जातो. घोडी कान हलवते आणि आपल्याला वाटतं आता गेली. बहुतेक जण इथेच चुकतात, भीतीने अंग आखडतं, पाय आवळले जातात, आणि आवळलेले पाय म्हणजे घोड्याच्या भाषेत पळ. बिचारी ऐकून पळते आणि वर बसलेला म्हणतो ऐकत नाही.

मग बांबूच्या गोलात लगाम काढला, फक्त चाल. मग चाल आणि थांब. मग दुडकी. दुडकीत अंग उडतं, सिग्नल अस्वच्छ होतो, तिथे आम्ही बरेच दिवस अडकलो आणि दोष माझ्या बसण्याचा होता, रिकीब काढून सराव केला तेव्हा सुटला. त्यानंतर पुळणीवर, पण वेळ बघून. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी सहा-सातला ओहोटी मिळते, लांबपर्यंत ओली घट्ट वाळू, माणूस नाही. कोरड्या वाळूत घोड्याचे पाय रुततात, दम लागतो, तिथे शिकवू नये.

हे काही आजचं नाही तसं. प्राचीन काळी रोमशी लढलेल्या हॅनिबलच्या सैन्यात उत्तर आफ्रिकेतले नुमिडियन घोडेस्वार होते, ते लगामाशिवाय लढायचे म्हणून प्रसिद्ध, आणि रोममध्ये इसवी सन ११३ च्या, ट्रेजन बादशहाच्या स्तंभावर आफ्रिकी स्वार लगामाशिवाय घोडे फेकताना कोरलेत. आणि आपल्या वारीत रिंगण पाहिलंय ना? जरीपटका घेतलेला स्वार पुढे आणि मागून माऊलींचा अश्व, त्याच्यावर कोणी बसलेलं नसतं, भोवती हजारो माणसं, टाळ-मृदंग, आणि तो अश्व गोल धावतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टापांखालची माती कपाळाला लावली आणि नंतर दिवसभर डोक्यात तेच, की एवढ्या गर्दीत तो भुजत कसा नाही. समोर एक घोडा धावतोय आणि त्याच्या मागे जायचंय, हे कळपातलं शहाणपण त्याला सांभाळतं, आणि त्याच्या मागे कोणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते.

आता जे सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही ते. हा लेख वाचून कोणी गर्दीच्या किनाऱ्यावर लगाम काढू नका. शनिवार-रविवारी पॅराशूट उडतायत, चारचाकी बाईक्स घर्र करून जातायत, पतंग, कुत्री, भेळेच्या पिशव्या, आणि मध्ये पोरं. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं एकदम दिसतं, फक्त अगदी नाकासमोर आणि शेपटीमागे नाही, त्यामुळे मागून आलेली गाडी त्याला एकदम बाजूला उगवल्यासारखी दिसते. शिकलेला घोडाही दचकतो. तिथे लगाम, डोक्यावर हेल्मेट आणि धरणारा माणूस हवाच. दुसऱ्याच्या पोराला पाठीवर बसवून प्रयोग करायचा नसतो.

पण लगाम न काढताही यातलं बरंच घेता येतं, आणि खरं तर मला यासाठीच लिहायचं होतं. सीझनमध्ये आपल्या किनाऱ्यांवर घोड्यांची तोंडं बघा. ओठांचे कोपरे सोललेले, गंजलेलं लोखंड, कधी तोंडातून लाल फेस. मालक वाईट असतात असं नाही, मी त्यांच्यातलाच आहे, घोड्यावर घर चालतं, घोडा आजारी पडला तर आमचा जीव जातो. पण दिवसात वीस-तीस अनोळखी माणसं वर बसून तोल सांभाळायला लगाम धरून लोंबकळतात आणि संध्याकाळपर्यंत ते तोंड बधिर होतं, मग ओढ वाढवावी लागते, मग आणखी बधिर. यावर मी केलेलं सांगतो. टुरिस्टच्या हातात लगाम देत नाही, खोगिराला पुढे धरायला पट्टा लावलाय. मी धरतो ती दोरी म्होरकीला, म्हणजे डोक्याभोवतीच्या पट्ट्याला, लोखंडाला नाही. रपेट सुरू व्हायच्या आधी एक मिनिट सांगतो, थांबायचं असेल तर श्वास सोडा आणि जड व्हा. लहान पोरांना हे मोठ्यांपेक्षा पटकन जमतं. घोडी खरंच थांबली की त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात. आणि तुम्ही टुरिस्ट असाल तर एवढं करा, लगाम हातात दिलाच तर वादीत थोडा झोका राहू द्या, आणि तोल गेला तर लगाम नाही, खोगीर किंवा आयाळ धरा. आयाळ ओढल्याने त्याला फारसं दुखत नाही, तोंडाला दुखतं.

मोगरीचं म्हणाल तर ओहोटीच्या वाळूवर चाल, दुडकी, थांब, दोन्हीकडे वळणं आणि मागे सरकणं गळ्यातल्या दोरीवर होतं, बरेचदा दोरीही लागत नाही. भरधाव अजून नाही. पाणी चढायला लागलं आणि लाटेचा आवाज बदलला की ती एक कान समुद्राकडे लावून ठेवते आणि माझ्याकडे फक्त एकच उरतो, तेव्हा मी खाली उतरतो, लगाम चढवतो आणि तिला घेऊन घरी येतो.